सूर कुणाच्या कानावर पडतोय

ऑपेरा ऐकायचाय पण कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: इटालियन संगीतकार वेर्दीचा ‘रिगोलेत्तो’. आणि नुसतं ऐकू नकोस, बघ. खाली सबटायटल्स येणारा व्हिडिओ शोध, हेडफोन लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, दोन-सव्वादोन तासांचा मामला आहे. यावर समोरून हमखास येतं की अगं पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मग मी त्यातल्या एका गाण्याची चाल गुणगुणते, ‘ला दोन्ना ए मोबिले’, की लगेच, अरे हे होय, हे तर ऐकलंय! ऐकलेलं असतंच. जाहिरातीत, कार्टूनमध्ये, कुणाच्या तरी रिंगटोनवर. एकदम खुशालचेंडू चाल आहे, एकदा डोक्यात बसली की दिवसभर निघत नाही. फक्त ती ऑपेरात नेमकी कुठे येते आणि ती ऐकून कुणाची काय गत होते हे माहीत नसतं, आणि माझ्या मते सगळी गंमत (गंमत कसली, सगळा घात) तिथेच आहे.

त्याआधी ओरडण्याची तक्रार मिटवून टाकू, कारण ती प्रत्येकाची असते. एवढं ओरडतात कशाला? तर माइक नसतो म्हणून. समोरच्या खड्ड्यात अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतोय, त्याच्या पलीकडे हजार-दोन हजार माणसं बसलीत, शेवटच्या गॅलरीतल्या माणसानेही तिकीट काढलंय, आणि गायकाकडे आहे फक्त गळा. आता नुसतं मोठ्याने गाऊन ऑर्केस्ट्रापुढे कुणाचाच टिकाव लागणार नाही. पण ऑर्केस्ट्राच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जावं तसा तो ओसरत जातो, आणि तालमीतला गायक, त्यातही पुरुष गायक, घसा अशा काही पद्धतीने ठेवतो की त्याच्या आवाजाची बरीच ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास गोळा होते. म्हणजे जिथे ऑर्केस्ट्रा विरळ आहे तिथून तो वाट काढतो. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकाने हे मोजूनमापून दाखवलंय. तो आवाज त्या अंतरासाठी घडवलेला आहे, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर तो कर्कश वाटला तर त्यात नवल नाही. आपल्याकडेही नाटकवाले माइक येण्याआधी पायपेटीच्या साथीने शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचेच की, आणि त्या काळच्या रेकॉर्ड्स ऐकताना आपण म्हणतो का की हे एवढे वर का लावतात?

इतिहास थोडक्यात उरकते, कारण त्यातली एकच गोष्ट मला इथे हवी आहे. १६०० च्या आसपास फ्लॉरेन्समधल्या काही विद्वान मंडळींच्या डोक्यात आलं की जुन्या ग्रीक नाटकांत संवाद गायले जात असणार, तर आपणही तसं करून बघू. त्यातून हे सगळं सुरू झालं. मग १६०७ मध्ये मोंतेवेर्दीचा ‘ओर्फेओ’ झाला, आजही ज्याचे प्रयोग होतात असा हा पहिला मोठा ऑपेरा, आणि तो झाला मांतुआ या छोट्या संस्थानात, तिथल्या ड्यूकच्या वाड्यावर, निमंत्रित पाहुण्यांसमोर. तीस वर्षांनी, १६३७ ला, व्हेनिसमध्ये तिकीट काढून कुणालाही आत जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं. आणि ११ मार्च १८५१ ला त्याच व्हेनिसमध्ये, ला फेनीचे नावाच्या थिएटरात, एक नवा ऑपेरा लागला ज्यातला खलनायक कोण, तर मांतुआचा ड्यूक! ज्याच्या दिवाणखान्यात ही कला लहानाची मोठी झाली त्यालाच २४४ वर्षांनी तिने भर चौकात उभं केलं.

अर्थात वेर्दीने हे ठरवून केलेलं नव्हतं. मूळ नाटक व्हिक्टर ह्युगोचं, आणि त्यात बाईलवेडा राजा हा खराखुरा फ्रान्सचा राजा होता, पहिला फ्रान्सिस. १८३२ मध्ये पॅरिसला त्याचा एक प्रयोग झाला आणि दुसऱ्या दिवशी सरकारने बंदी घातली, पुढचा प्रयोग व्हायला पन्नास वर्षं लागली. असलं नाटक वेर्दीने उचललं, तेही व्हेनिससाठी, जिथे तेव्हा ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि १८४८ चा उठाव नुकताच चिरडलेला. सेन्सॉरने अख्खी संहिता फेटाळली. राजा लंपट दाखवायचा नाही, शाप नको, नायकाला कुबड नको, आणि शेवटी पोतं येतं ते तर अजिबात नको. वेर्दीने उलट लिहिलेलं पत्र वाचण्यासारखं आहे, त्याचा सूर साधारण असा की पोत्याचं पोलिसांना काय करायचंय, ते रंगेल की पडेल हे मी बघतो ना, आणि कुबडा माणूस गातो तर गाऊ दे की. शेवटी तडजोड झाली: राजाचा झाला ड्यूक, फ्रान्सचं झालं मांतुआ, कारण तिथलं गोंझागा घराणं केव्हाच संपलेलं, भावना दुखवून घ्यायला कुणी शिल्लक नाही. शाप राहिला, कुबड राहिलं, पोतंही राहिलं. सेन्सॉर बोर्डाशी असं भांडावं!

तर गोष्ट. रिगोलेत्तो हा ड्यूकच्या दरबारातला विदूषक, पाठीला कुबड, जिभेला विष. ड्यूक दरबाऱ्यांच्या बायका-मुली नासवतो आणि हा त्यांच्या नवऱ्यांची, बापांची टर उडवतो. मोंतेरोने नावाचा एक म्हातारा आपल्या मुलीचा जाब विचारायला भर मेजवानीत येतो, रिगोलेत्तो त्याची नक्कल करतो, आणि म्हातारा जाता जाता शाप देतो: बापाच्या दुःखाला हसणाऱ्या तुला माझा शाप. बाकी सगळे खिदळत असतात, रिगोलेत्तो मात्र हबकतो. कारण त्यालाही एक मुलगी आहे, जिल्दा, घरात कोंडून ठेवलेली, चर्चखेरीज कुठे जाऊ न दिलेली. दरबाऱ्यांना वाटतं ती त्याची ठेवलेली बाई आहे. ते तिला पळवतात, त्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून, त्याच्याच हातात शिडी धरायला देऊन, आणि ड्यूकच्या महालात नेऊन सोडतात. पुढे बापाने ड्यूकची सुपारी देणं, मुलीने त्याच नालायकासाठी जीव देणं वगैरे. म्हणजे नुसती गोष्ट सांगितली तर एखाद्या जुन्या मेलोड्रामासारखी वाटेल, आणि तशी ती आहेच.

गोष्टीपेक्षा मला जास्त ओढतं ते वेगळंच. या ऑपेरात महत्त्वाचं जे काही घडतं ते कुणीतरी काहीतरी ऐकल्यामुळे घडतं. शाप मोंतेरोने देतो पण नाट्य घडतं रिगोलेत्तोच्या चेहऱ्यावर. पडदा उघडण्याआधी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकच सूर दाबून दाबून वाजवतात ना, तो त्या शापाचा सूर, आणि म्हातारा निघून गेल्यावरही रिगोलेत्तो रात्री गल्लीतून घरी जाताना तोच सूर परत काढतो, ‘त्या म्हाताऱ्याने मला शाप दिला!’ तिथेच त्याला स्पाराफुचिले भेटतो, भाडोत्री मारेकरी. आता खुनाची बोलणी म्हटल्यावर कुठलाही संगीतकार ढोल बडवेल, वेर्दी काय करतो, तर एक चेलो आणि एक डबल बास, दोघांचेही आवाज दाबलेले, एक गुळगुळीत चाल वाजवत राहतात आणि ही दोन माणसं त्यावर जवळजवळ बोलल्यासारखी गातात, भाव काय, निम्मे आधी की नंतर, असं. चाल त्यांच्या तोंडी नाहीच, ती आपली आजूबाजूला सरपटत असते. तो गेल्यावर रिगोलेत्तो स्वतःशी म्हणतो, आम्ही दोघे सारखेच, त्याच्याकडे सुरा आणि माझ्याकडे जीभ.

दुसऱ्या अंकात मुलगी पळवल्यानंतर तो दरबारात येतो ते ‘ला रा ला रा’ करत, जसं काही झालंच नाही. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. दरबारी त्याला ऐकतायत आणि तो त्यांना ऐकतोय, प्रत्येक कुजबुजीत मुलीचा माग काढतोय, त्या ‘ला रा’मधला एकेक सूर रडवेला आहे आणि तरी विदूषकाचाच आहे. मग ड्यूकच्या बायकोचा एक हरकाम्या पोऱ्या निरोप घेऊन येतो, ड्यूक कुठेत म्हणून विचारतो, हे लोक टाळाटाळ करतात, एकदा शिकारीला गेलेत म्हणतात, एकदा आत्ता भेटणार नाहीत म्हणतात, आणि त्या टोलवाटोलवीतून बापाला कळतं की ती आतच आहे. बस, मग तो जो फुटतो! आधी दरबाऱ्यांना शिव्याशाप, मग दारावर धडका, मग रडणं, मग त्यांच्यातल्याच एकाचे पाय धरणं, सगळं एका दमात. नवख्याने एवढी पाच मिनिटं जरी बघितली तरी बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीतला) आवाज कशासाठी असतो ते सांगावं लागत नाही.

इथे मला आपलं संगीत नाटक आठवतं. आपल्याकडे पद सुरू झालं की समोरचं पात्र उपरण्याशी चाळा करत उभं राहतं, ताना संपेपर्यंत त्याला काही काम नसतं, आणि प्रेक्षक ते चालवून घेतो. नावं ठेवत नाहीये, मी त्याच गाण्यावर वाढले, आणि बालगंधर्व गात असताना शेजारच्या नटाकडे बघायची कुणाला फुरसत होती? पण चांगल्या ऑपेरात ऐकणारं पात्रही तेवढंच गात असतं, कधी तर त्याच क्षणी. तिसऱ्या अंकातलं चौघांचं गाणं घ्या. रंगमंचाच्या मधोमध भिंत. आत खानावळीत ड्यूक माद्दालेनाला पटवतोय, ती त्या मारेकऱ्याची बहीण. बाहेर अंधारात रिगोलेत्तो मुलीला घेऊन उभा आहे, बघ म्हणतो तुझा प्रियकर, भिंतीच्या फटीतून बघ. ड्यूकची चाल लांबलचक, ऐसपैस, मधाळ (दुष्टाला सगळ्यात गोड चाली देण्याची वेर्दीला खोडच लागली होती या ऑपेरात). माद्दालेना तुटक तुटक सुरांत हसतेय, अशी प्रेमं रोज बघते मी म्हणून. जिल्दाचे सूर हुंदक्यासारखे अडखळत खाली येतात. आणि तळाशी बाप, एकाच पट्टीत घुटमळत, रडू नकोस, मी बघून घेतो. चार माणसं, चार मनं, शब्द वेगळे, लय वेगळी, आणि सगळं एकाच वेळी, तरीही गोंधळ नाही.

आपला कान एका चालीमागे जायला शिकलेला असतो त्यामुळे पहिल्यांदा सगळे ड्यूकच्याच मागे जातात. जाऊ दे. दुसऱ्यांदा लावा आणि हट्टाने फक्त जिल्दाला धरा. तिसऱ्यांदा बापाला. ड्यूक तेच गातोय, पण आता तो सूर आपण भिंतीच्या बाहेरून, तिच्या कानाने ऐकायला लागतो आणि ती मधाळ चाल चक्क किळसवाणी वाटते. नाटकात हे करता येत नाही, चार जण एकदम बोलले तर नुसता कलकलाट होईल. ह्युगो आधी या ऑपेरावर चांगलाच खार खाऊन होता, पण हे चौघांचं गाणं ऐकून त्यालासुद्धा हेवा वाटला असं सांगतात.

आणि आता ते जाहिरातवालं गाणं. ड्यूक ते पहिल्यांदा म्हणतो खानावळीत, वाइन मागवताना. बाई म्हणजे वाऱ्यावरचं पीस, तिच्या बोलण्याचा भरवसा नाही. कोण म्हणतंय बघा! असं सांगतात की वेर्दीने ही चाल गायकाला अगदी शेवटच्या दिवसांत दिली, नाहीतर प्रयोगाआधीच अख्ख्या व्हेनिसच्या तोंडी झाली असती. मग वादळ सुटतं (पडद्यामागे पुरुषांचा कोरस तोंड मिटून नुसता हुंकारतो, तोच वारा), आणि त्या वादळात आणखी एक चोरून ऐकणं. माद्दालेनाचं मन ड्यूकवर आलंय, ती भावाला म्हणते याला नको मारू, भाऊ म्हणतो घेतलेल्या पैशांना जागायला हवं, ठरतं असं की मध्यरात्रीच्या आत दुसरं कुणी दारात आलं तर त्याला मारून पोत्यात घालायचं. पुरुषाच्या वेषातली जिल्दा हे दाराबाहेर ऐकते. आणि दार ठोठावते.

मी हा शेवट माझ्या मावशीबरोबर बघितलाय, लॅपटॉपवर. मावशी पक्की नाट्यसंगीतवाली, इटालियनचा गंध नाही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन सबटायटल्स वाचायचा कंटाळा आला म्हणून शेवटी शेवटी नुसतीच ऐकत होती. पडद्यावर रिगोलेत्तो मध्यरात्री येतो, उरलेले पैसे मोजून देतो, पोतं ताब्यात घेतो. स्पाराफुचिले म्हणतो मी टाकतो नदीत, हा म्हणतो नाही, माझं मी टाकणार. पोत्यावर पाय ठेवून तो स्वतःची पाठ थोपटतो, आज विदूषक राजा झाला आणि राजा माझ्या पायाखाली. ओढत नेणार इतक्यात लांबून, आतून कुठून तरी, निवांत आवाज येतो, ‘ला दोन्ना ए मोबिले...’ मावशी एकदम सरसावून बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "अगं, हा मेला जिवंत आहे!" आणि पुढच्या सेकंदाला, अगदी हळू, "मग पोत्यात कोण गं?"

एक शब्द न वाचता कळलं तिला. चाल तीच, सूर तेच, गाणारा तितकाच मजेत, त्याला तर पत्ताही नाही की बाहेर कुणी ऐकतंय. त्या गाण्यात दुःखाचा एक सूर नाही आणि तरी इतकं भयंकर गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही, कारण ते ज्याच्या कानावर पडतंय त्याचं जग त्या दोन ओळींत संपतं. पोतं फाडायच्या आधीच संपतं.

पुढे जिल्दा पोत्यातून बाहेर येऊन गाते, हो, सुरा लागलेली असताना, त्यावर लोक दीडशे वर्षं विनोद करतायत आणि करू देत. माझा राग दुसराच आहे. या पोरीला समोर सगळं दिसलेलं आहे, फटीतून बघितलंय, कानांनी ऐकलंय, आणि तरी त्या माणसासाठी मरते? दर वेळी मला तिला गदागदा हलवावंसं वाटतं. ऑपेराला ही खोडच आहे म्हणा, एकेकीतल्या नायिका बघा, व्हिओलेत्ता क्षयाने जाते, मिमी क्षयाने जाते, कार्मेनला भोसकतात, तोस्का तटावरून उडी मारते, बटरफ्लाय स्वतःला संपवते, पुरुष मात्र शेवटी आरोळी ठोकून मोकळे. कुणी म्हणतं तो काळच तसा होता. असेल. पण वेर्दीने निदान ड्यूकला हिरो केलेलं नाही, आणि बापालाही सोडलेलं नाही. मुलीला कोंडून ठेवणारा, तिला स्वतःचं नाव न सांगणारा, दुसऱ्याच्या मुलीवर हसणारा हा बाप, ‘जपणं’ आणि ‘मालकी’ यातला फरक त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वेर्दीची स्वतःची दोन मुलं १८३८ आणि १८३९ मध्ये गेली, दोन्ही तान्ही, आणि १८४० मध्ये बायको. त्याच्या ऑपेरांत बाप आणि मुलगी समोरासमोर आले की संगीताचा पोत बदलतो हे खरं, त्याचं कारण तेच असं मी म्हणणार नाही, पण आठवण येते. एका गायिकेच्या नवऱ्याने बायकोसाठी जिल्दाचं आणखी एक गाणं लिहून मागितलं तेव्हा त्याने कळवलं होतं की हा ऑपेरा मी दोघा-दोघांच्या गाण्यांची न संपणारी माळ म्हणूनच योजलाय, त्यात भर घालायला जागा नाही.

कपडेपट, काळ काहीही बदला, हे सगळं टिकतं. दिग्दर्शक जोनाथन मिलरने १९८२ मध्ये लंडनला हाच ऑपेरा न्यूयॉर्कच्या माफियात नेला, त्यात ड्यूक ‘ला दोन्ना’ म्हणायच्या आधी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने, म्हणजे मेटने, २०१३ मध्ये तो १९६० च्या लास व्हेगासला नेला, तिथे पोत्याऐवजी गाडीची डिकी. मला स्वतःला दिग्दर्शक पोन्नेलची १९८० च्या दशकातली फिल्म आवडते, पावारोत्ती ड्यूक, आणि गंमत म्हणजे इंगवार विक्सेल रिगोलेत्तोही आहे आणि मोंतेरोनेही, शाप देणारा आणि झेलणारा गळा एकच. नुसतं ऐकायचं तर १९५५ ची ला स्कालाची (मिलानचं ऑपेरागृह) रेकॉर्ड, तितो गोब्बी आणि मारिया कालास.

मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रावर नजर ठेवा, मेटचे प्रयोग तिथे मोठ्या पडद्यावर दाखवत आलेत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस तर आहेच, १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, मग वर्षानुवर्षं सिनेमा, मग टाळं, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात परत उघडलं तेव्हा गायला कोण, तर मुंबईतच जन्मलेली सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) पॅट्रिशिया रोझारियो. वास्तू बघायला म्हणून तरी जाऊन या, छत बघा.

आणि थिएटरात शांत बसावं लागतं, मध्ये दाद देता येत नाही, या भीतीने कुणी जात नसेल तर तेही डोक्यातून काढा. इटलीत प्रेक्षक भलताच तोंडाळ असतो. २००६ मध्ये ला स्कालात वेर्दीच्याच ‘आयदा’च्या पहिल्याच गाण्यानंतर वरच्या गॅलरीने हुर्यो उडवली तर रॉबेर्तो आलान्या हा नावाजलेला टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) सरळ रंगमंच सोडून चालता झाला, आणि बदली गायकाला साध्या कपड्यांत जसा होता तसा आत ढकलावं लागलं! वन्समोअरला मात्र ला स्कालात अनेक दशकं बंदी होती, ती मोडली २००७ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने. ‘रिगोलेत्तो’चा दुसरा अंक संपतो तो बाप-मुलीच्या सूडाच्या गाण्यावर, बाप बदला घेणार म्हणून गरजतोय आणि मुलगी त्याच चालीत ड्यूकला माफ करा म्हणून विनवतेय. लेओ नुच्ची या बॅरिटोनने ही भूमिका पाचशेहून जास्त वेळा केली, आणि या गाण्यानंतर लोक त्याला सोडायचेच नाहीत. मग सत्तरी ओलांडलेला तो गडी त्या रात्रीच्या जिल्दाचा हात धरून परत पुढे यायचा, कंडक्टरकडे बघायचा, आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून, आधीपेक्षा वरचढ.